कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम: कुठून सुरुवात करायची, कोणत्या क्रमाने जायचे

आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या सत्रांत येतात आणि शिकणाऱ्याच्या डोक्यातही वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. खरी उकल मात्र दोघांच्या सीमेवर होते. पेज टेबल (प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारा तक्ता) भरतो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पण ते वाचतो प्रोसेसर. टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) हार्डवेअर पाठवते, पण त्यानंतर कोणत्या प्रोग्रामची पाळी हे कर्नेल ठरवतो. म्हणून इथे दोन्ही विषय एकाच रांगेत लावले आहेत: बिटपासून वर चढत कर्नेलपर्यंत. प्रत्येक पायरीवर स्वतःच्या मशीनवर करून पाहण्यासारखे काहीतरी आहे. नुसते वाचून पुढे गेलात तर या विषयातले फारसे काही टिकत नाही.

आठवड्याला ८ ते १० तास देणार असाल तर साधारण ५ महिने धरा.

आधीची तयारी

लिनक्स असलेले मशीन हवे. व्हर्च्युअल मशीन चालेल, पण त्यात प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर बरेचदा दिसत नाहीत, म्हणून वेळ मोजण्याचे प्रयोग शक्यतो थेट मशीनवर करा. जीसीसी (सी कंपायलर), जीडीबी (डीबगर) आणि एस-ट्रेस (प्रोग्राम कर्नेलकडे काय काय मागतो ते दाखवणारे) ही तीन साधने बसवा. चौथे साधन वही-पेन्सिल. ते खरोखरच लागणार आहे.

सी भाषा यायला हवी. किती यायला हवी याची एक सोपी कसोटी आहे: लिंक्ड लिस्ट उलटी करणारे फंक्शन कुठेही न बघता लिहा आणि ते रिकाम्या लिस्टवरही चालवून दाखवा. जमले नाही तर आधी तीन आठवडे पॉइंटर, ॲरे, स्ट्रक्ट आणि मॅलॉक यांना द्या. पॉइंटर कच्चा असताना पुढे गेलात तर व्हर्च्युअल मेमरीच्या धड्यात हमखास अडकाल, आणि तिथे अडचण मेमरीची नसून पॉइंटरची आहे हे लक्षातही येणार नाही.

पायरी १: बिट आणि बाइट (१ आठवडा)

आठ बिटांत १२७ लिहा: ०१११११११. त्यात १ मिळवा. १००००००० येते आणि टू'ज काँप्लिमेंटमध्ये (ऋण संख्या लिहिण्याची नेहमीची पद्धत) त्याची किंमत -१२८ होते. हे कागदावर करा, मग सी मध्ये.

दुसरा प्रयोग: हेक्समधली १२३४५६७८ ही संख्या इंटमध्ये ठेवा आणि कॅरॅक्टर पॉइंटरने तिचे चारही बाइट क्रमाने छापा. नेहमीच्या लॅपटॉपवर ७८ ५६ ३४ १२ असे उलटे दिसतील. लिटल एंडियन म्हणतात ते हेच. पुढे मेमरी डंप वाचताना हा क्रम डोळ्यांना सवयीचा असलेला बरा.

तिसरा: -१ आणि अनसाइन्ड १ यांची तुलना करा. सी म्हणेल की -१ मोठा आहे, कारण तुलनेआधी त्याचे ४२९४९६७२९५ झालेले असते. उलट मोजत जाणाऱ्या लूपमध्ये अनसाइन्ड चल वापरून 'शून्य किंवा जास्त' अशी अट घातली की लूप कधीच थांबत नाही, त्याचे मूळही इथेच.

पायरी २: गेटपासून रजिस्टरपर्यंत (२ आठवडे)

लॉजिसिम इव्होल्यूशन हे मोफत सिम्युलेटर घ्या आणि फक्त नँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारे) वापरायचे असे बंधन स्वतःवर घाला. ४ नँडमध्ये एक्सॉर (इनपुट वेगळे असतील तरच १) होतो, ९ नँडमध्ये फुल ॲडर, म्हणजे हातच्यासह एका बिटाची बेरीज. असे आठ ॲडर ओळीने जोडले की ७२ नँडमध्ये आठ बिटांची बेरीज करणारे सर्किट तयार होते. हातचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो आणि तो पोचेपर्यंत उत्तर चुकीचे असते. सर्किटला क्लॉक का लागतो, याचे उत्तर त्या थांबण्यात आहे.

मग दोन नँड एकमेकांना उलटे जोडून एक बिट लक्षात ठेवणारा लॅच बनवा, त्यापासून क्लॉकच्या ठोक्यावर बदलणारा फ्लिप-फ्लॉप आणि शेवटी अशा अनेक बिटांचे रजिस्टर. लॅचची पहिली अवस्था ठरलेली नसल्यामुळे सिम्युलेटर लाल तार किंवा ऑसिलेशनची चूक दाखवतो. आधी रीसेट द्या, मग पुढे जा. दोन आठवड्यांहून जास्त इथे रमू नका. सर्किटे सुंदर असतात, पण वाट अजून लांब आहे.

पायरी ३: असेंब्ली (४ आठवडे)

सुरुवातीला एक्स८६ (इंटेल आणि एएमडी प्रोसेसरचे आर्किटेक्चर) नको. त्यात चार दशकांचा वारसा साठला आहे आणि नवख्याचा वेळ त्या अपवादांतच जातो. रिस्क-फाइव्ह घ्या. २०१० साली बर्कलीत सुरू झालेल्या या आर्किटेक्चरचा ३२ बिटांचा मूळ संच जेमतेम चाळीसेक सूचनांचा आहे. रजिस्टर ३२, त्यांतले पहिले कायम शून्य. सरावासाठी रार्स हा सिम्युलेटर पुरेसा आहे.

पहिली अडचण मोठ्या स्थिरांकांची येते. ॲडआय (रजिस्टरमध्ये स्थिरांक मिळवणारी) सूचनेत स्थिरांकाला १२ बिटच मिळतात, म्हणजे -२०४८ ते २०४७. त्याहून मोठी संख्या हवी असेल तर वरचे २० बिट एलयूआयने भरायचे आणि उरलेले ॲडआयने मिळवायचे. आता ६१४४ बनवून बघा. ४०९६ अधिक २०४८ हे मनात येते, पण २०४८ ॲडआयमध्ये बसत नाही. ते बिट -२०४८ म्हणून वाचले जातात. म्हणून वरच्या भागात एक जास्त घेऊन ८१९२ भरावे लागतात आणि त्यातून २०४८ वजा करावे लागतात. एलआय ही सोयीची सूचना हे सगळे आपोआप करते. तरीही एकदा हाताने करा; साइन एक्स्टेन्शन म्हणजे काय हे त्यानंतर पुन्हा वाचावे लागत नाही.

दुसरी अडचण फंक्शनमधून फंक्शन बोलावण्याची. परतीचा पत्ता आरए या रजिस्टरमध्ये राहतो. तुमच्या फंक्शनने आतले फंक्शन बोलावले की आरएवर नवा पत्ता लिहिला जातो आणि जुना नाहीसा होतो. तो आधी स्टॅकवर ठेवला नसेल तर शेवटची रिटर्न सूचना आतल्या कॉलच्या लगेच पुढच्या ओळीवर उडी मारते, पुन्हा शेवटी येते, पुन्हा तिथेच उडी मारते. प्रोग्राम कोसळत नाही, चूकही दाखवत नाही, नुसता फिरत राहतो. असे झाले की सर्वांत आधी आरए जतन केला का ते पाहा. स्टॅक पॉइंटर नेहमी १६ बाइटच्या पटीत सरकवायचा, आणि जितका खाली नेला तितकाच वर आणायचा.

फॅक्टोरियल रिकर्शनने लिहिता आले की सी कडे परत या. स्वतःच्या एखाद्या लहान फंक्शनची असेंब्ली जीसीसीकडून काढून घ्या, एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि एकदा दुसऱ्या पातळीवर. पहिल्या रूपात प्रत्येक चल मेमरीत जातो-येतो. दुसऱ्यात बरेचसे चल रजिस्टरमध्येच राहतात आणि काही तर उरतच नाहीत.

रार्सबद्दल एक सावधगिरी: त्यातले काही सिस्टिम कॉल (प्रोग्रामने सिस्टिमकडे केलेली मागणी) क्रमांक, उदाहरणार्थ संख्या छापण्यासाठी १ आणि मजकूर छापण्यासाठी ४, हे त्या सिम्युलेटरचे स्वतःचे आहेत. खऱ्या लिनक्सवर तेच क्रमांक चालतील असे समजू नका.

पायरी ४: पाइपलाइन (१ आठवडा)

पाइपलाइन म्हणजे एक सूचना पूर्ण होण्याआधीच पुढच्या आत घेणे. राइप्स हा सिम्युलेटर पाच टप्प्यांची पाइपलाइन डोळ्यांसमोर चालवून दाखवतो. दोनच गोष्टी नीट पाहा. मेमरीतून आणलेली किंमत लगेच पुढच्याच सूचनेला हवी असेल तर फॉरवर्डिंग (उत्तर रजिस्टरमध्ये पोचण्याआधीच पुढच्या सूचनेला देणे) असूनही एक क्लॉक वाया जातो. आणि ब्रँच (अटीवर उडी मारणारी सूचना) कुठे जाईल याचा अंदाज चुकला की आत घेतलेल्या सूचना फेकून द्याव्या लागतात. आजच्या प्रोसेसरमध्ये ही चूक साधारण १५ ते २० क्लॉकना पडते. बाकीचे तपशील नंतर आले तरी बिघडत नाही.

पायरी ५: कॅशे (२ आठवडे, घाई नको)

कॅशे म्हणजे प्रोसेसरजवळची लहान, वेगवान मेमरी; एल१ ही तिची सर्वांत जवळची पातळी. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एल१ कॅशेतून माहिती मिळायला ४-५ क्लॉक लागतात. तीच माहिती मुख्य मेमरीतून आणायची तर साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे ३०० क्लॉक. मेमरी एकेक बाइट देत नाही, अख्खी ओळ (कॅशे लाइन) देते. बहुतेक लॅपटॉपवर ती ६४ बाइटची असते, काही प्रोसेसरवर १२८ ची.

आता प्रयोग. इंटचा ४०९६ × ४०९६ असा ॲरे घ्या. तो बरोबर ६४ एमबी भरतो. त्याची बेरीज एकदा ओळीने करा, एकदा स्तंभाने. काम तेच, बेरीज तीच, पण स्तंभाची वाट कित्येक पटींनी हळू असते. ओळीने जाताना एका कॅशे लाइनमधले १६ इंट वापरले जातात. स्तंभाने जाताना एकच वापरला जातो आणि बाकीचे १५ वापरायची पाळी येईपर्यंत ती लाइन बाहेर गेलेली असते.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

बेरीज कुठेच छापली नाही तर कंपायलर तो लूप निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि वेळ शून्य येतो. उत्तर नेहमी छापा.

ऑप्टिमायझेशनच्या वरच्या पातळीवर जीसीसी दोन लूपांची अदलाबदल करू शकतो. मग दोन्ही वेळा सारख्या येतात आणि कॅशेचा काही परिणाम नाही असे वाटते. पहिल्या पातळीवर ठेवा.

एकदाच मोजून आकडा लिहून ठेवू नका. पाच वेळा चालवा आणि पहिली धाव सोडून द्या. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, कारण बॅटरीवर क्लॉकचा वेग बदलत राहतो.

चौथी चूक सर्वांत फसवी आहे. ॲरे ग्लोबल ठेवला आणि त्यात काहीच न लिहिता थेट वाचायला घेतला, तर दोन वाटांमधला फरक बराच आक्रसतो. कारण कर्नेलने त्या ॲरेला खरी मेमरी दिलेलीच नसते. ज्या पेजवर (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) अजून कोणी काही लिहिलेले नाही, तिच्या वाचनासाठी लिनक्स शून्यांनी भरलेली एकच सामायिक पेज दाखवतो. तुम्ही ६४ एमबी वाचतो आहोत असे समजता, आणि प्रोसेसर मात्र तेच ४ केबी पुन्हा पुन्हा कॅशेतून वाचत असतो. म्हणून मोजण्याआधी ॲरेच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहा. कॅशेचा प्रयोग ऑपरेटिंग सिस्टिममुळे चुकतो, तो असा. या दोन विषयांना वेगळे ठेवून चालत नाही ते यासाठीच.

प्रयोग बरोबर जमला की स्तंभांची संख्या ४०९६ वरून ४११२ करा. ॲरे किंचित मोठा झाला, तरी स्तंभाने जाण्याचा वेळ खाली येईल. ३२ केबीच्या, ८-वे एल१ कॅशेत ६४ सेट असतात, म्हणजे प्रत्येकी ८ लाइन मावणारे ६४ कप्पे. ६४ सेट गुणिले ६४ बाइट म्हणजे ४०९६ बाइट, तेव्हा एकमेकांपासून ४०९६ च्या पटीत दूर असलेले पत्ते एकाच सेटमध्ये येतात. आपली एक ओळ १६३८४ बाइटची, म्हणजे नेमकी चौपट. अख्खा स्तंभ एकाच सेटमधल्या ८ जागांसाठी भांडतो, बाकीचे ६३ सेट मोकळे, आणि पुढच्या पातळीच्या कॅशेतही अशीच कोंडी होते. ओळीमागे १६ इंट वाढवले की प्रत्येक ओळ पुढच्या सेटवर सरकते आणि गर्दी फुटते. हे गणित वहीत स्वतः मांडा.

पायरी ६: कर्नेलचा उंबरठा (१ आठवडा)

'नमस्कार' छापणारा सी प्रोग्राम एस-ट्रेसखाली चालवा. पहिली ओळ एक्झेकची (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम भरणारा कॉल), मग लायब्ररी शोधणे, उघडणे, मेमरीत बसवणे अशा बऱ्याच ओळी, आणि अगदी शेवटाकडे राइटचा एकुलता एक कॉल. प्रत्येक ओळ म्हणजे प्रोग्रामने कर्नेलचे दार एकदा ठोठावले.

हे दार हार्डवेअरचे आहे, कर्नेलने घातलेल्या नियमाचे नाही. पडताळून पाहायचे असेल तर एक्स८६ मशीनवर सी प्रोग्राममध्ये एचएलटी ही एकच असेंब्ली सूचना घाला. प्रोसेसर ती युजर मोडमध्ये चालवायला नकार देतो, कर्नेलला कळवतो, आणि कर्नेल प्रोग्राम संपवतो. पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' येते, जरी तुम्ही मेमरीला हातही लावलेला नसतो. हा संदेश दिसला की पॉइंटर चुकलाच असे धरून चालू नका.

पायरी ७: प्रोसेस (२ आठवडे)

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, आणि फोर्क हा कॉल तिची नक्कल बनवतो: मूळ तो पालक, नक्कल ती मूल. फोर्क एकदा बोलावला जातो आणि दोनदा परततो: मुलात शून्य घेऊन, पालकात मुलाचा क्रमांक घेऊन. ओळीने तीन फोर्क लिहिले तर किती प्रोसेस होतील? आधी वहीत झाड काढा, मग चालवा. आठ.

प्रिंटएफने एक शब्द नवी ओळ न देता छापा, लगेच फोर्क करा आणि दोघांनाही नेहमीसारखे संपू द्या. शब्द दोनदा येतो. नवी ओळ घातली की एकदाच येतो, आणि तोच प्रोग्राम फाइलकडे वळवला की पुन्हा दोनदा. शब्द फोर्कच्या वेळी अजून छापला गेलेला नसतो, तो प्रोसेसच्या बफरमध्ये असतो, आणि फोर्क बफरचीही नक्कल करतो. टर्मिनलवर नवी ओळ आली की बफर रिकामा होतो. फाइलकडे लिहिताना तो भरेपर्यंत तसाच राहतो.

वेट (मूल संपण्याची वाट पाहणे) न करणाऱ्या पालकाची मुले संपल्यावर 'झेड' (झोंबी) अवस्थेत दिसतात, तेही बघून घ्या. मग एक छोटा शेल लिहा: आज्ञा वाचायची, फोर्क, एक्झेक, वेट. नंतर त्यात पाइप (एका प्रोसेसचे आउटपुट दुसरीला देणारी नळी) जोडा. पाइपचे न लागणारे टोक पालकाने बंद केले नाही तर वाचणारी प्रोसेस कायमची खोळंबते, कारण लिहिणारा अजून कोणीतरी आहे असे कर्नेलला दिसत असते. शेल अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

पायरी ८: व्हर्च्युअल मेमरी (३ आठवडे)

पेज ४०९६ बाइटची, म्हणून पत्त्याचे खालचे १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात. पेज टेबलही एका पेजमध्येच बसते आणि त्यातली एक नोंद ८ बाइटची, म्हणून ५१२ नोंदी. ५१२ म्हणजे २ चा ९ वा घात, म्हणून प्रत्येक पातळीला ९ बिट. चार पातळ्यांचे ३६ आणि खालचे १२ मिळून एक्स८६ चा नेहमीचा ४८ बिटांचा पत्ता. आकडे पाठ करू नका, ही साखळी स्वतः मांडता येते. एक पत्ता घ्या, त्याचे तुकडे करा आणि कागदावरच्या टेबलांतून शेवटपर्यंत जा. असे पाच पत्ते करा.

मग प्रयोग. ६४ एमबी मॅलॉक करा आणि काही न लिहिता किती पेज फॉल्ट (खरी मेमरी न मिळालेल्या पेजला हात लावल्यावर कर्नेलला जाणारी हाक) झाले ते मोजा; गेटरयूसेज हा कॉल ती संख्या देतो. नंतर प्रत्येक ४०९६ बाइटमागे एक बाइट लिहा आणि पुन्हा मोजा. सुमारे १६३८४ ने वाढ दिसायला हवी, कारण ६४ एमबीत तितक्याच पेज मावतात. वाढ जेमतेम तीसेक आली तर गोंधळू नका. कर्नेलने २ एमबीच्या मोठ्या पेज दिल्या आहेत. पाचव्या पायरीतला शून्यांच्या पेजचा प्रयोग आता पुन्हा चालवा. या वेळी त्याच्या आतले सगळे दिसेल.

पायरी ९: थ्रेड आणि लॉक (२ आठवडे)

दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या वाटा), एक सामायिक मोजणी, प्रत्येकाने १० लाख वेळा १ मिळवायचा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालवले तर उत्तर बहुतेक वेळा २० लाखांपेक्षा कमी येते आणि दरवेळी वेगळे. एक मिळवणे म्हणजे वाचणे, वाढवणे, परत लिहिणे. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचले तर दोघेही ५०१ लिहितात आणि एक बेरीज बुडते.

ऑप्टिमायझेशन चालू केले की उत्तर अचानक बरोबर येऊ लागते. त्यावर विश्वास ठेवू नका: कंपायलरने अख्खा लूप '१० लाख मिळवा' अशा एका बेरजेत गुंडाळला आहे, त्यामुळे टक्कर दुर्मीळ झाली, चूक आहे तिथेच आहे. व्होलाटाइल लावूनही ती जात नाही. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) किंवा अटॉमिक (मध्ये न तुटणारी क्रिया) लागतोच. दोन लॉक घ्यायचे असतील तर सगळीकडे एकाच क्रमाने घ्या, नाहीतर डेडलॉक, म्हणजे दोघेही एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे अडकतात.

फाइल सिस्टिमसाठी सध्या दोन गोष्टी पुरेत. राइट यशस्वी झाला म्हणजे डिस्कवर पोचला असे नाही, त्यासाठी एफसिंक लागतो. आणि उघडी असलेली फाइल पुसली तर नाव जाते, जागा मोकळी होत नाही. ती बंद होईपर्यंत आयनोड (डिस्कवरची फाइलची मूळ नोंद) जिवंत असतो.

पायरी १०: खऱ्या कर्नेलमध्ये हात (४ आठवडे)

इथे बरेच जण बूटलोडरपासून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसतात. आमचे मत स्पष्ट आहे: आत्ता नको. एक्स८६ चा १६ बिटांचा रिअल मोड आणि ए२० लाइन यांत महिने जातात आणि हाती इतिहास लागतो, कल्पना नाही. त्याऐवजी एक्सव्ही६ घ्या. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेला, एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेला हा कर्नेल आता रिस्क-फाइव्हवर चालतो, म्हणजे तिसऱ्या पायरीतली असेंब्ली जशीच्या तशी कामी येते. तो क्यूईएमयू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवायचा. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल आणि ए, ते सोडून मग एक्स.

पहिले काम: स्वतःचा सिस्टिम कॉल जोडा, जो आत्ता किती प्रोसेस जिवंत आहेत ते सांगेल. क्रमांक सिसकॉल.एच मध्ये, टेबलातली नोंद सिसकॉल.सी मध्ये, फंक्शन सिसप्रॉक.सी मध्ये. युजरच्या बाजूला घोषणा यूजर.एच मध्ये आणि एक ओळ यूसिस.पीएल मध्ये. यूसिसची ओळ राहिली तर लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. टेबलातली नोंद राहिली तर सगळे कंपाइल होते, पण चालवल्यावर 'अननोन सिस कॉल' येते. कोणता संदेश कोणत्या बाजूचा, हे ओळखता आले की शोध निम्म्यावर येतो.

प्रोसेसची यादी मोजताना प्रत्येक प्रोसेसचा लॉक घ्या आणि सोडा. सोडायला विसरलात तर त्याच प्रोसेसचा लॉक पुढच्या वेळी घेताना कर्नेल गोठतो किंवा 'पॅनिक: अक्वायर' छापून थांबतो. तसे झाले की जीडीबी जोडा, बॅकट्रेस काढा आणि वहीत आरए व एसपीच्या (स्टॅक पॉइंटर) किंमती उतरवून कोण कोणाला बोलावत होते ते स्टॅकवरून हाताने काढून पाहा.

दुसरे काम फोर्कमध्ये कॉपी-ऑन-राइट घालण्याचे. पालकाच्या पेज मुलाला नक्कल न करता दाखवायच्या, दोघांच्या नोंदींतला लिहिण्याचा बिट काढायचा, आणि कोणी लिहायला गेले की पेज फॉल्टमध्ये नवी पेज द्यायची. प्रत्येक पेजचे किती वाटेकरी आहेत ते मोजणे विसरलात तर एकाने मोकळी केलेली पेज दुसरा अजून वापरत असतो, आणि चूक भलत्याच प्रोसेसमध्ये, बऱ्याच उशिरा उगवते. या कामाला दोन आठवडे पूर्ण द्या.